सालूच्या लेकीच्या कुंचीची कहाणी

ऐक गे चिंधामाई, तुझी कहाणी. बायांनो, हातात एकेक चिंधी धरा, लेकरांना मांडीवर घ्या आणि मधून उठू नका.

एक होतं आटपाट नगर. नगराला दगडी वेस, वेशीशी महादेवाचं देऊळ, देवळामागं गुरवाचं घर. गुरवाचं नाव मल्हारी. देवळाची झाडलोट करी, बेल वाही, पत्रावळी लावी. घरात त्याची आई चिमाई, बायको आवडा आणि लहानगी लेक ठकू. घर गरिबीचं, मातीच्या भिंती, कुडाचं दार. पण जाणारं येणारं माणूस त्या दारापाशी थांबे आणि बघत राही.

चिमाईनं काय केलं होतं? जुन्या लुगड्याचा पदर कापून दाराला पडदा केला होता. उरल्या तुकड्यांत सावरीचा कापूस भरून पोपट केले, चिमण्या केल्या, त्यांचं तोरण चौकटीला बांधलं. धोतर विरलं, त्याची बसकरं झाली. बसकरं फाटली, ती गोधडीत गेली. गोधडी झिजली, तिची पायपुसणी झाली. त्या घरात बोटभर चिंधी कधी वाया गेली नाही.

आवडा सून होऊन आली, सासूजवळ बसली, सगळं शिकली. सासूपेक्षा तिचा हात बारीक. तिचा टाका बघून दिसेना, ओढून सुटेना.

मग चिमाई थकली, अंथरुणाला लागली. तिनं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "आवडे, माझा एक वसा आहे, तो तू घे."

"कसला वसा, आत्याबाई?"

"चिंधामाईचा. पौषातल्या पहिल्या शनिवारी घरातल्या चिंध्या धुवाव्या, वाळवाव्या, पाटावर मांडाव्या, हळदकुंकू वाहावं. एक चिंधी आपल्या लुगड्याची घ्यावी, एक शेजारणीच्या, एक वाटेनं जाणारीच्या. तिन्ही जोडून तान्ह्या बाळाची कुंची शिवावी. डोकं झाकेल, कान झाकतील, पाठ झाकेल अशी. ज्या घरी शिवणारं कुणी नाही त्या घरी ती द्यावी. आणि कापड घेऊन कुणी बाई दारी आली, तर हातातलं काम खाली ठेवावं, तिचं आधी करावं."

"एवढंच ना, आत्याबाई?"

"एवढंच. सोपं आहे, म्हणून विसरशील. तेवढं सांभाळ."

चिमाईनं डोळे मिटले. आवडानं वसा घेतला. एक पौष केला, दुसरा पौष केला, तिसराही केला.

मग काय झालं? राणीला दिवस राहिले. तिच्या दासी देवळात ओटी भरायला आल्या. त्यांनी गुरवाच्या दारचं तोरण पाहिलं, पडदा पाहिला. राजवाड्यात जाऊन सांगितलं. राणीनं आवडाला बोलावून घेतलं, पुढं रेशीम टाकलं, जर टाकली, मखमल टाकली. म्हणाली, "माझ्या बाळाचं पांघरूण तू शीव, उशी तू शीव, पाळण्याचं छत तूच शीव. तुला काही कमी पडू देणार नाही."

आवडा घरी आली ती पाय जमिनीला न लावता आली. दारात थांबली. तोरणाकडं बघितलं. पोपटांचे रंग उडालेले, एका चिमणीचा कापूस बाहेर आलेला. तिला लाज वाटली. उद्या दासी येतील, पालख्या येतील, आणि दारात हे! तिनं तोरण तोडलं, पडदा ओढला, गोधड्या गोळा केल्या.

मल्हारी म्हणाला, "अगं, आईच्या हातचं आहे ते."

"आईच्या हातचं म्हणून जन्मभर चिंध्या लोंबवायच्या का?"

आवडानं सगळं गाठोडं वेशीबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं. पौष आला. पहिला शनिवार आला नि गेला. पाटावर चिंध्या काही मांडल्या गेल्या नाहीत.

त्याच नगराच्या वेशीबाहेर सालू म्हणून एक मोळीविकी राहत होती. रानात जाई, लाकडं तोडी, डोईवर मोळी घेऊन दारोदार फिरे. नवरा रानात गेला तो आलाच नाही. अशा दिवसांत तिला मुलगी झाली. थंडी मी म्हणत होती. सालूनं आपल्या लुगड्याचा एक काठ फाडला आणि आवडाच्या दारी आली.

"गुरवीणबाई, एवढी कुंची शिवून दे. माझे हात कुऱ्हाडीचे. सुई धरली तर मोडते."

आवडा पांघरुणाला जर लावत होती. मान वर न करता म्हणाली, "राणीचं काम आहे बाई. मग ये."

सालू परत गेली. दुसऱ्या खेपेला आली. मुलीला पदरात गुंडाळलेलं, पोरीचं नाक लाल झालेलं. "गुरवीणबाई, तुझ्या हाताखालचं एवढंसं काम."

आवडा उशी भरत होती. "बघतेस ना, हात रिकामा नाही. मग ये."

तिसऱ्या खेपेला आली. वारा असा होता की देवळाची घंटा आपली आपण वाजत होती. सालू उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिनं नुसता कापडाचा तुकडा पुढं केला. आवडा छताला मोती लावत होती. एक मोती हातातून निसटला, घरंगळत गेला. ती चिडली. "किती वेळा सांगायचं? मग ये म्हटलं ना!"

सालू गेली. पुन्हा आली नाही. आवडाला वाटलं, बरं झालं, दिली असेल कुणी शिवून.

मग राणीला मुलगा झाला. बारसं आलं. सुवासिनी जमल्या, पाळणा सजला, आवडाला मानाचा पाट मिळाला. राणीनं दोरी ओढली. पहिल्या झोक्याला पांघरुणाची शिवण उसवली, जर लोंबू लागली. दुसऱ्या झोक्याला उशी फुटली, कापूस उडाला. तिसऱ्या झोक्याला छत सुटलं ते बाळाच्या तोंडावर पडलं. बाळ कळवळून रडलं. बायका उठून उभ्या राहिल्या.

राणी म्हणाली, "माझ्या पहिल्या लेकराला उसवलेलं घालतेस? हिला बाहेर काढा."

आवडाला बाहेर काढलं. राजानं मल्हारीची देवळातली चाकरी काढून घेतली. दिलेलं सगळं परत नेलं. घर उघडं पडलं. दाराला पडदा नाही, भुईवर बसकर नाही, अंगावर गोधडी नाही. वारा एका दारानं येई, दुसऱ्या दारानं जाई.

आवडानं सुई घेतली. म्हटलं, हात आहेत तोवर काय भ्यायचं? लोकांची चोळी शिवायला घेतली, ती घरी नेईस्तोवर उसवली. अंगरखा शिवला, घालता घालता उसवला. ठकूचा परकर शिवला, तो पोरीच्या अंगावरच सुटला. भर गल्लीत पोर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, मुलं हसली. नगरात कुणी आवडाच्या हाती कापड देईना. लोक म्हणत, हिच्या हाताला काहीतरी लागलंय.

मग ठकूला ताप भरला. पोर कुडकुडे, दात वाजवी. "आई, आजीची गोधडी घाल." आवडा उठली, उकिरड्याकडं धावली. तिथं काही नव्हतं. कुणी नेलं की वाऱ्यानं नेलं, कोण सांगणार?

मग ती मागायला निघाली. पहिल्या दारी म्हणाली, "जुनंपानं एखादं कापड द्या." आतून उत्तर आलं, "आहे ते उसवायला देऊ का?" दुसऱ्या दारी गेली. त्या बाईनं दार लोटून घेतलं. फिरत फिरत वेशीबाहेर आली. एका खोपटात चूल पेटलेली दिसली. "माझी पोर तापानं फणफणलीय, अंगावर घालायला काही असेल तर द्या."

आतून सालू बाहेर आली. दोघींनी एकमेकींना ओळखलं. आवडानं मान खाली घातली. सालू आत गेली, दोरीवरचं लुगडं काढलं. तिच्याकडं एक नेसायचं आणि एक वाळत घालायचं, एवढीच लुगडी. वाळत घातलेलं तिनं आवडाच्या हातावर ठेवलं.

"ने. दारी आलेलीला मला मग ये म्हणता येत नाही."

आवडाचे डोळे भरले. तिनं खोपटात बघितलं. आढ्याला झोळी बांधली होती, ती रिकामी होती.

"सालू, तुझी लेक गं?"

"नदीकाठच्या करंजाखाली आहे."

"तिथं काय करते?"

सालू तिच्याकडं बघत राहिली. मग आवडाला कळलं. ती तिथंच खाली बसली.

सालू म्हणाली, "तू तिसऱ्यांदा मग ये म्हणालीस ना, त्यानंतर. मी तिला पदरात धरून बसले होते. पदर पुरला नाही. आता ऊठ. तुझी पोर वाट बघत असेल."

आवडा घरी आली. ठकूला लुगड्यात गुंडाळलं. पोरीला घाम फुटला, ताप उतरला, डोळे उघडून खायला मागू लागली. मल्हारी म्हणाला, "देवानं राखलं." आवडाला घास जाईना, पाणी जाईना. पोर हसली की हिला रडू येई.

मग ती उकिरड्यावर गेली. तिथं एक म्हातारी चिंध्या वेचत होती. अंगावरचं लुगडं सगळं ठिगळांचं, कुठलं ठिगळ कुठं सुरू होतं ते कळू नये. आवडानं पाय धरले. "आई, तू कोण ते मी ओळखलं. मी उतले, मातले, सोपा वसा मोडला. तू माझा हात बांध, माझे डोळे ने. पण सालूची लेक तिला परत दे."

चिंधामाई खाली बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बाई गं, मी चिंध्यांची देवी. फाटलेलं जोडते, विरलेलं राखते. गेलेलं लेकरू माझ्या हाती नाही. असतं तर तू येईस्तोवर थांबले असते का?"

"मग मी काय करू?"

"ते मला नको विचारू. जिचं गेलं तिला विचार."

असं म्हणून तिनं चिंध्यांची एक मूठ दिली. आवडानं बघितलं तर उकिरडा मोकळा, म्हातारी नाही.

आवडा घरी आली. चिंध्या धुतल्या, वाळवल्या, पाटावर मांडल्या. त्यांत एक आपल्या लुगड्याची चिंधी घातली, एक सालूनं दिलेल्या लुगड्याच्या काठाची. कुंची शिवली. ओढून बघितली. टाका सुटला नाही. तिला आनंद झाला नाही. ती कुंची घेऊन वेशीबाहेर गेली.

सालूनं कुंची पाहिली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या खेपेला गेली. सालूनं कुंची हातातून ओढली, अंगणात फेकली. "ही मी कुणाला घालू? सांग ना, कुणाला घालू?" आवडानं धूळ झटकली, कुंची पदराखाली घेतली, परत आली.

तिसऱ्या खेपेला गेली. सालू मोळी उतरवून उंबऱ्यात बसली होती. तिनं हात पुढं केला. कुंची घेतली, उलटी करून बघितली. शिवणीवरून अंगठा फिरवला. नखानं टाका उचलायचा प्रयत्न केला, उचलला गेला नाही.

मग म्हणाली, "बारीक हात आहे तुझा. ही शिवायला किती वेळ लागला?"

आवडानं खोटं बोलावं असं मनात आणलं. बोलवेना. म्हणाली, "एक दुपार."

"एक दुपार," सालू म्हणाली.

तिनं गुडघ्यांत डोकं घातलं. लेक गेली तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. आवडा तिच्याशेजारी बसली. तिनं माफ कर म्हटलं नाही, तोंडच नव्हतं. ऊन उतरलं, चूल विझली, दोघी तिथंच.

मग सालूनं तोंड पुसलं. म्हणाली, "मला शिकव."

"काय शिकवू?"

"हेच. पुन्हा कुणाच्या दारी मला उभं राहायचं नाही. माझ्या हातानं सुई मोडेल. मोडू दे. दुसरी आण."

आवडानं शिकवलं. सुया मोडल्या, बोटं टोचली, टाके वाकडे पडले. दुसऱ्या पौषात सालूची पहिली कुंची झाली. एक कान मोठा, एक लहान, पाठीला चुणी पडलेली. सालूनं ती आवडाला दाखवली नाही, ठकूला दिली नाही. नदीकाठी गेली आणि करंजाच्या खालच्या फांदीला बांधली. आवडानं शिवलेली तिच्याशेजारी बांधली.

मग दोघी नगरात फिरू लागल्या. जुनं मागत, जोडत, शिवत, बाळंतिणींना देत. कापड घेऊन आलेल्या बाईला शिवून देत, आणि तिची इच्छा असेल तर शिकवीत. चार बाया आणखी आल्या, गुरवाच्या ओसरीवर बसू लागल्या. मल्हारीला देवळातलं काम पुन्हा मिळालं. घराला पडदा आला, नवं तोरण आलं. सालूची झोळी मात्र भरली नाही. तिला दुसरं मूल झालं नाही. आवडाच्या घरी हळदकुंकू असलं की सालू येई, ओसरीच्या कडेला बसे, वाण घेई, जाई. दोघी मैत्रिणी झाल्या असं कुणी म्हणत नसे. पौषात मात्र एकीनं दोरा ओवला की दुसरी कापड धरी.

म्हणून बायांनो, या वशात पहिली कुंची कुणा बाळाला घालत नाहीत. ती करंजाला बांधतात. जे लेकरू उघडं गेलं त्याची म्हणून बांधतात. दुसरी शिवावी ती असलेल्या लेकरासाठी, आणि ती त्याच दिवशी पोचवावी.

चिंधामाई आवडाला उशिरा भेटली. तुम्हां आम्हां सगळ्यांना वेळेवर भेटो. सालूला जे भोगावं लागलं ते कुणाच्या कुशीला न लागो. आपल्या दारी आलेलीला आपल्या तोंडून मग ये न निघो. ही साठां बोलांची कहाणी, पाचां बोलांत सांगितली, ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं संपूर्ण झाली.