चार बोटांचं माप

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा नदी ओलांडायची तर नावेत बसायचं नाहीतर पोहायचं, तिसरा उपाय कुणाला ठाऊकच नव्हता. त्या काळी एका नदीकाठच्या गावात, पुतळाआजीच्या अंगणात, भर दुपारी भांडण ऐन रंगात आलं होतं.

"काठी फसवी आहे तुझी!" केरबा भोई ओरडत होता. "मासा लागला की हातात गर्रकन फिरते. दोरी उलटी जाते, मासा हिसका देतो आणि मी बसतो पाण्याकडे बघत!"

"काठी माझी? मी केली का ती?" म्हातारी ओट्यावरून ताडकन उठली. "बांबू तू तोडलास, तू वाळवलास, तू तासलास. मी नुसतं तोंड चालवलं."

"मग तोंडच चुकलं तुझं!"

कुंपणापलीकडून धुणं घेऊन चाललेल्या दोघी जणी जागच्या जागी थांबल्या. पुतळाआजीचं तोंड चुकलं असं तिच्या तोंडावर म्हणणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

पुतळाआजी गळाच्या काठ्या करणारी. करून देणारी नव्हे, करायला लावणारी. दारात आलेल्या माणसाला ती सांगे, "काठी विकत घ्यायची असेल तर दुसरं गाव बघ. शिकायची असेल तर बस." तिला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. ऐन तारुण्यात एकटी पडली, तेव्हा पोटासाठी गळ टाकायला बसली, आणि चाळीस काठ्या मोडल्यावर एक्केचाळिसावी टिकली. त्या चाळीस मोडक्या काठ्यांनी जे शिकवलं ते तिला तोंडपाठ होतं, आणि त्यात खोट काढणाऱ्याचं ती काही बाकी ठेवत नसे.

पण केरबाही उगाच ओरडत नव्हता. गेल्या वर्षी नाव बांधताना दोराचा वेढा त्याच्या उजव्या हाताला बसला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं. जाळं फेकायला दोन्ही पंजे धड लागतात. जाळं सुटलं. आता त्या गावाची रीत अशी, की वर्षातल्या दर सणाला प्रत्येक भोयाने आपापल्या डोहातली मासळी स्वतः धरून नदीमाईपुढे आणायची. सलग तीन सण ज्याचा डोह रिकामा राहील, त्याचा डोह दुसऱ्या घराला जायचा. केरबाचे दोन सण रिकामे गेले होते. तिसरा बारा दिवसांवर आला होता. पणज्यापासून घराला जेवू घालणारा डोह त्या बारा दिवसांच्या टोकाला लोंबत होता.

"आण इकडे," म्हातारीने काठी हिसकावून घेतली. "काठी फिरते म्हणजे पाठ चुकली. किती वेळा सांगितलं, माणसासारखी काठीलाही पाठ असते, पोट असतं. ते न बघता कड्या बांधल्यास, दुसरं काय!"

तिने दोन पाट मांडले. काठीची दोन टोकं त्यांवर टेकवली, मधोमध तळव्याने दाबलं, आणि दाब न सोडता काठी हळूहळू फिरवू लागली. फिरता फिरता काठीने एका जागी अंग टाकलं. तिथून ती हलायला मागेना. वाकताना जी बाजू बाहेर येते ती पाठ, आत जाते ते पोट. दोरी ज्यांतून ओवायची त्या कड्या पोटावर बांधायच्या, म्हणजे मासा ओढतो तेव्हा काठी आपल्या मनानेच वाकते, झगडत नाही.

कड्या बरोबर पोटावर होत्या. एका रेषेत. केसाचा फरक नव्हता.

"हं," म्हातारी म्हणाली. तिला ते आवडलं नाही.

"काय झालं? बोल की!"

"थांब रे मेल्या. बांबू कोवळा तोडला असशील."

तिने बुडख्यावर नखाने टिचकी मारली. टण्ण आवाज आला. तीन वर्षांचा जून चिवा बांबू, आत पोकळ नाही, पावसाळा सरल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, म्हणजे कीड लागायची नाही. सावलीत वाळवलेला; उन्हात वाळवला असता तर तडकला असता. शेंड्याला दगड बांधून आढ्याला टांगलेला, म्हणून सरळ. जिथे वाक होता तिथे तेल लावून निखाऱ्यावर शेकलेला, गुडघ्यावर दाबून ओल्या फडक्याने थंड केलेला. डाग नाही, भाजल्याची खूण नाही. कड्यांवर सुती दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटून, मध्ये फट नाही. वरून राळ आणि जवसाच्या तेलाचे तीन हात, आधीचा पुरता सुकल्यावर पुढचा.

म्हातारी खोट शोधत होती आणि सापडत नव्हती. जसजशी सापडेना तसतशी तिची कानशिलं तापत गेली. इतकी नेकीने केलेली काठी तिने स्वतःच्या हातची सोडून दुसरी पाहिली नव्हती. आणि ही काठी फिरते?

मग तिची नजर मुठीवर गेली. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, छान तासलेलं, बोटांना बसतील अशा चार खाचा पाडलेल्या.

"ही मूठ कशी बेतलीस?"

"तू सांगितलीस तशी. दोन वेळा चार बोटं लांब, खाचा चार बोटांच्या, पहिली कडी मुठीपासून बारा वेळा चार बोटांवर. सगळं चार बोटं, चार बोटं. घोकून पाठ केलं होतं मी."

"कुणाची चार बोटं?"

केरबाने उजवा हात पाठीमागे नेला.

"केरबा, कुणाची?"

"मेहुण्याची," तो खाली बघत म्हणाला. "त्याला बोलावून माप घेतलं. माझ्याकडे आहेत कुठे चार?"

तो हात त्याने नेहमीसारखा पंच्यात गुंडाळला होता. वर्षभरात तो हात उघडा कुणी पाहिला नव्हता. जेवताना तो भिंतीकडे तोंड करून बसे, असं त्याची बायको सांगायची.

म्हातारी ओट्यावर बसली. तिला आठवलं, की केरबा शिकायला बसला होता तेव्हा हाच पंचा हाताला होता, आणि ती आपली बोलत सुटली होती. चार बोटं, चार बोटं. आजवर शेकडो लोकांना तिने हेच सांगितलं होतं, आणि एकदाही समोरच्याचा हात पाहिला नव्हता. चाळीस काठ्या मोडून शिकलेली बाई, आणि इतकी साधी गोष्ट तिला दिसली नव्हती.

"अर्धी चूक माझी," ती म्हणाली.

बायांच्या हातातलं धुणं पडायचंच बाकी राहिलं.

"अर्धीच?" केरबाने विचारलं.

"अर्धीच! उरलेली तुझी. लाजलास ती. सोड तो पंचा."

"सोडणार नाही."

"मग जा मेहुण्याकडे. डोहही त्यालाच दे, चांगली चार बोटं आहेत त्याला!"

हे फार लागलं. केरबा तरातरा फाटकापर्यंत गेला. तिथे थांबला. परत आला, आणि त्याने पंचा सोडला.

म्हातारीने दुःखाचा उसासा टाकला नाही की 'अरेरे' म्हटलं नाही. परसातून ओल्या मातीचा गोळा आणला आणि त्याच्या उघड्या पंजात ठेवला. "धर. मरळ लागली आहे आणि खाली ओढते आहे, असं धर."

केरबाने गोळा आवळला. म्हातारीने तो सोडवून घेतला आणि उन्हात धरला. अंगठा आणि दोन बोटांच्या खुणा वरवरच्या होत्या. पण खालच्या बाजूला, जिथे तळवा मनगटाला मिळतो, तिथे माती खोलवर दबली होती.

"बघितलंस? तुझं बळ खाली उतरलंय. वर्षभर तू या हाताला फडक्यात कोंडलंस, आणि हा आपला लाकडं फोडत राहिला, विहिरीचं पाणी ओढत राहिला. गेलेल्या दोन बोटांचं काम तळव्याने उचललं. तुला कळलंही नाही. साधं 'बरं केलंस बाबा' म्हणालास का कधी त्याला?"

केरबा आपल्या हाताकडे बघत राहिला. जणू दुसऱ्या कुणाचा हात असावा, आणि तो बऱ्याच दिवसांनी घरी आला असावा.

दुसऱ्या दिवसापासून जुनी मूठ काढून नवी बेतायला सुरुवात झाली, आणि भांडणही नव्याने सुरू झालं. ती म्हणे मूठ जाड हवी, तो म्हणे जड होईल. ती म्हणे खाली चपटी कर, म्हणजे तळव्यात लोळणार नाही. तो म्हणे वाईट दिसेल.

"मासा काय मूठ बघून लग्न जमवणार आहे?" म्हातारी म्हणे.

शेवटी मूठ झाली ती अशी: खालून चपटी, तळव्याच्या खळग्यात बसेल एवढीच फुगीर, दोन बोटांच्या दोनच खाचा, आणि मागे कोपरापर्यंत लांबवलेली. मनगटाच्या वर एक मऊ कातडी वादी, तिने मूठ हाताला बांधायची. काठी फिरायला गेली तर आधी अख्खा हात फिरवावा लागेल. डावा हात दोरी ओढायला मोकळा.

कड्यांची मापंही नव्याने घेतली. "टेकव तुझी दोन बोटं," म्हातारी म्हणे. "आता पुन्हा टेकव. झालं माप." केरबा मोजत गेला, दोन आणि दोन, दोन आणि दोन. तिसऱ्या कडीपर्यंत त्याचा आवाज बसलेला होता. सहाव्या कडीला तो मोठ्याने मोजत होता, आणि शेवटी कुंपणाशी आलेल्या बायकोला म्हणाला, "बघतेस काय, दोरा धर की!" तिने दोरा धरला. पंचा तिच्याच खांद्यावर होता. त्याने तो परत मागितला नाही.

वेढे झाले, राळेचे तीन हात सुकले, तोवर सण उजाडला.

डोहावर सगळं गाव जमलं होतं. म्हातारीला गर्दीचा तिटकारा, पण ती गेली. भांडी घासायचं निमित्त काढून सगळ्यांत पुढच्या दगडावर बसली आणि एकच तांब्या घासत राहिली.

केरबाने वादी आवळली. गळाला लहानशी बेडकी लावली आणि लव्हाळ्यांच्या कडेला, जिथे पाणी काळं होतं, तिथे गळ टाकला. ऊन चढलं. एकदा दोरी हलली आणि थांबली. दुसऱ्यांदा हललीच नाही. लोक चुळबुळ करू लागले. गावकीचा म्हातारा नाईक डोहाचा निवाडा सांगायला उठू लागला.

आणि काठी वाकली. माणूस कमरेतून वाकावा तशी वाकली. लव्हाळं ढवळून निघालं. म्हातारीने तांब्या घासणं थांबवलं. मरळ खाली गेली, डावीकडे गेली, दगडाखाली शिरायला धावली. काठी कण्हली, पण फिरली नाही. कड्या जिथल्या तिथे, दोरी जिथली तिथे. केरबाने तळवा दाबला, कोपर अंगाशी घेतलं, डाव्या हाताने दोरी ओढली. सोडली, पुन्हा ओढली. बराच वेळ तो आणि ती मरळ यांच्याशिवाय नदीवर दुसरं काही नव्हतं.

मरळ काठावर आली तेव्हा हातभर लांब होती आणि शेपटी आपटत होती. नाईकाने ती दोन्ही हातांनी उचलून नदीमाईपुढे धरली आणि म्हणाला, "डोह केरबाचा." केरबाची बायको तिथेच चिखलात बसून रडली, आणि मग हसली, आणि मग नदीला हात जोडून पुन्हा रडली.

त्या गावात पुढे काठी शिकवायची रीतच बदलली. दारात कुणी आलं की पुतळाआजी आधी म्हणायची, "हात दाखव." ज्याचा हात लहान त्याची मूठ बारीक, ज्याचं मनगट थकलेलं त्याची काठी आखूड. कुणाची काठी कुणासारखी राहिली नाही, आणि मासा घेऊन आलेला माणूस घरी जाण्याआधी तिच्या अंगणावरून जाऊ लागला. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी डोहाच्या काठावर भांडण अजून मिटलं नव्हतं, कारण केरबा सगळ्या गावासमोर म्हातारीच्या पायाशी वाकला होता आणि म्हातारी पाय मागे घेत होती.

"आजी, हे तू केलंस. तुझ्यामुळे घर राहिलं माझं."

"मी काय केलं? नुसतं तोंड चालवलं. ऊठ!"

"नाही उठणार. तुझेच आभार."

"माझे नाहीत म्हणते ना!"

"मग कुणाचे? नदीचे? बांबूचे? त्या मरळीचे?"

"सगळ्यांचे मान, पण क्रमाने मान!"

"म्हणून आधी तुझ्या पाया पडतो!"

लोक हसू लागले. दोघांपैकी कुणी मागे हटेना. तेव्हा म्हातारीने त्याचा उघडा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, त्याच्याच कपाळाला लावला आणि म्हणाली, "आधी नमस्कार या दोन बोटांना कर, केरबा; गेलेल्याच्या मापाने केलेलं हातात फिरतं, आणि उरलेल्याच्या मापाने केलेलं हातात राहतं."