पांढऱ्यावर पांढरं

“नाम का घ्यायचं, हे विचारायचं नाही. किती घेतलं, तेवढं सांगायचं.”

मठात येणाऱ्याला सांगितला जाणारा हा पहिला नियम.

रोज संध्याकाळी निरंजनबुवा शिष्यांना विचारायचे, “किती झालं?” कोणी हजार सांगायचं, कोणी दहा हजार. बुवांचं उत्तर ठरलेलं.

“अजून एकही नाही.”

मृण्मयी त्या शिष्यांपैकीच. पौर्णिमेला तिची दीक्षा होती. त्या दीक्षेसाठी ती नोकरी सोडून इथे आली होती. मठाची वेबसाइट तीच सांभाळायची.

त्या संध्याकाळी विश्वस्त आले. त्यांच्यातल्या दिगंबरपंतांनी मोबाइल तिच्यासमोर धरला.

“‘ध्यान शिबिर’ शोधलं की नदीच्या पलीकडच्या काठावरचा आश्रम पहिला. आपण चौथ्या पानावर. का?”

“तिथे राहून आलेले लोक त्यांच्याबद्दल लिहितात, आपापल्या पानांवर त्यांचा पत्ता देतात. शोधणारं यंत्र तेही बघतं. गावात चार जणांनी एकाच वैद्याकडे बोट दाखवलं, तर आपण तिकडेच जातो ना, काका?”

“मग आपणच चार वेबसाइट काढू. चारही आपल्याकडे बोट दाखवतील.”

“चारही बोटं एकाच हाताची आहेत, हे यंत्राला कळतं.”

पंतांनी जरा विचार केला.

“बरं. मग पानाच्या तळाशी ‘शांती, ध्यान, शिबिर’ हजार वेळा लिही. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसणार नाही, यंत्राला दिसेल.”

“ही फसवणूक आहे. पकडले गेलो तर चौथ्या पानावरूनही जाऊ.”

“अगं, जप आहे तो. सारखं नाम घेतलं की देव पावतो. यंत्र कोण मोठं लागून गेलं?”

बाकीचे विश्वस्त हसले.

“तुमचा जपही असाच असतो का? कोणाला ऐकू जाऊ नये, नुसता मोजला जावा?”

हसू थांबलं.

“जीभ फार चालते हिची,” पंत म्हणाले. “शिष्य ‘का’ विचारत नाही. लिहायचं नसेल, तर दीक्षाही नाही.”

मृण्मयीने बुवांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात चिंचा फोडत बसले होते.

“बुवा, तुम्ही तरी सांगा यांना.”

बुवांनी धोतराला हात पुसले. लॅपटॉप उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

“लिही.”

...

तिने पान उघडलं. तळाची पांढरी जागा बराच वेळ पाहत राहिली.

मग लॅपटॉप मिटला.

“नाही.”

“गुरूची आज्ञा आहे,” पंत हळूच म्हणाले.

“असू दे. जे माणसाला दाखवायची लाज वाटते, ते मी लिहिणार नाही. दीक्षा नको मला.”

पंतांनी मोबाइल खिशात घातला.

...

बुवांनी पुढची चिंच हातात घेतली.

“एक झालं,” ते मृण्मयीला म्हणाले.