सायोचं बंद कपाट

जपानच्या डोंगरात, कुठल्याच मोठ्या रस्त्यावर नसलेल्या एका गावात सायो नावाची एक सून होती. तिच्या घरी लाकडी वाडगे करत. वाडग्यावर झाडाच्या चिकाचं रोगण चढवायचं, वाळू द्यायचं, मग पुन्हा चढवायचं. हे रोगण मोठं लहरी. उन्हात ते वाळतच नाही. आत ओली फडकी लावलेल्या बंद कपाटात ठेवलं, तरच चार दिवसांनी घट्ट होतं.

एकदा तोकुबेई नावाचा एका मठाचा कोठारी वाट चुकून गावात आला. सायोचे सासरे गेन्झो यांनी त्याला रानभाजी घातलेलं गरम कढण दिलं. तो कढण प्यायला आणि रिकामा वाडगा न्याहाळत बसला.

"असलं कढण आणि असला वाडगा शहरात पाहिला नाही," तो म्हणाला. "बर्फ वितळलं की येईन. एक नवा वाडगा करून ठेवा. मनासारखा झाला, तर मठासाठी शंभर इथूनच नेईन."

गावात हे काम करणारं आता एवढं एकच घर उरलं होतं. गेन्झोंचे हात थरथरत. त्यांचा मुलगा, म्हणजे सायोचा नवरा, दूर बंदरावर कामाला गेलेला. हा वाडगा जमला नाही तर काम कायमचं थांबणार, हे सायोला ठाऊक होतं.

तिने शेवटचा थर चढवला आणि वाडगा कपाटात ठेवला. दुसऱ्याच दिवशी तिला वाटलं, एकदाच बघावं. (काळजी करणाऱ्याला 'एकदाच' हा शब्द फार पटकन सुचतो.) तिने दार उघडलं. ओल बाहेर गेली, धूळ आत आली. ओल्या रोगणावर कण बसले. तिने थर घासून काढला, नवा चढवला आणि पुन्हा बघितलं. असं तीनदा झालं.

"अगं, वाडगा वाळत नाहीये, की तुला चैन पडत नाहीये?" गेन्झो म्हणाले.

"बघितलं नाही तर कळणार कसं, बाबा?"

"बघून वाळत असता, तर गावातले सगळे म्हातारे इथे आणून बसवले असते. आम्हाला दुसरं काम काय आहे?"

सायोला हसू आलं नाही. चौथ्यांदा थर चढवून तिने दार लावलं. एक दिवस गेला. ती झाडलेलंच अंगण पुन्हा पुन्हा झाडत राहिली.

दुसऱ्या दिवशी तोकुबेई दारात उभा. यंदा बर्फ लवकर वितळलं होतं.

"दाखवा वाडगा. मला आजच निघायचंय."

"अजून दोन दिवस लागतील," सायो म्हणाली.

"निदान बघू तरी द्या! नुसती एक नजर टाकतो."

हे वाक्य सायोच्या चांगलंच ओळखीचं होतं. नाही म्हणावं, तर पाहुणा रागावून जाणार आणि शंभर वाडगेही जाणार. तरी ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"मी तीनदा उघडलं आणि तीनदा बिघडवलं. आता तुमच्यासाठीही उघडणार नाही. थांबायचं नसेल, तर खुशाल जा."

तोकुबेईने गेन्झोंकडे पाहिलं. "या घरात चालतं कोणाचं?"

"सध्या कपाटाचं," गेन्झो म्हणाले.

तोकुबेई कुरकुरत थांबला. वेळ जाईना म्हणून त्याने गावचं मुळ्याचं लोणचं खाऊन पाहिलं, डोंगरामागच्या गरम झऱ्यावर अंघोळ करून आला, आणि आल्यावर लोणचं पुन्हा मागितलं.

चौथ्या दिवशी सायोने डोळे मिटून दार उघडलं. वाडगा पुरता वाळला होता. त्यावर एकही कण नव्हता. तोकुबेईने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ फिरवून पाहिला.

"असेच शंभर हवेत."

"कधीपर्यंत?" सायोने भीतभीतच विचारलं.

"तुम्ही दार उघडाल, तेव्हा न्यायला येईन," तो म्हणाला.

तात्पर्य: आपल्या हातचं काम मन लावून करावं आणि मग बाजूला व्हावं. सारखं उघडून बघितल्याने वस्तू काय आणि माणूस काय, लवकर तयार होत नाही.