मुकीचा कौल

हे तांबळवाडीच्या म्हादू गुरवांनीच सांगितले असावे. सगळे जसेच्या तसे आठवते आहे, असे मात्र छातीठोक सांगवत नाही. जुगाईच्या राईत, देवीच्या पाषाणाला लागून कमरेएवढे एक झुडूप आहे. फुले पांढरी, पाकळ्या जाड. त्याला मुकी म्हणतात.

पूर्वी त्याला नाव नव्हते, म्हणे. वाडीत येसू आणि चंद्री या आईबापांवेगळ्या बहिणी राहत. चंद्रीला येसूनेच कडेवर वाढवले होते. एका भाद्रपदात चंद्रीला ताप भरला. उतारा एकच, राईतल्या सातविणीची साल. पण देवीला वाहायच्या फुलाखेरीज राईतली काडीही कौलाशिवाय उचलायची नाही, असा रिवाज. पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

येसू घाईने आली. घरून फुले आणायची राहिली, म्हणून तिने त्या झुडपाचेच फूल तोडले. पाकळ्या लावून बसली. एकही पडेना.

"देवी विचार करतेय," तिथला तेव्हाचा गुरव म्हणाला. "बस जरा."

"किती बसू, काका? पोरगी मला ओळखत नाही सकाळपासून."

"मग हात लावून पाडतेस का? कौल बाटेल, बये."

ऊन कलले. येसूचा हात सातविणीच्या खोडापर्यंत गेला आणि मागे आला. तेवढ्यात शेजारीण तिला शोधत आली. तिच्या तोंडाकडे पाहूनच येसू समजली. तिने पाकळ्या ओरबाडल्या, तर त्या बोटांना चिकटून बसल्या. फुलात डिंकासारखा चीक होता. त्या कधी पडणारच नव्हत्या.

"मुके," ती झुडपाला म्हणाली, "माझ्यागत एकलीच राहा. तुला बहीण नको, भाऊबंद नको."

पुढे तिचे तिलाच वाईट वाटले, असे सांगतात. जन्मभर दर उन्हाळ्यात तीच त्याला पाणी घालत राहिली.

आजही तांबळवाडीत आजाऱ्यासाठी कौल लावत नाहीत. माणूस सरळ राईत जातो, साल काढतो आणि परतताना मुकीच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओततो.

शापाबद्दल काय म्हणावे, ठाऊक नाही. पुष्कळ वर्षांनी एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंना झुडपाचे छायाचित्र दाखवून विचारले, तेव्हा एवढे मात्र पक्के कळले: मुकी ज्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या ज्या गटात मोडते, त्यात तिची जात एकटीच आहे. तिचे दुसरे भावंड जगात कुठेही सापडलेले नाही.