तोल ज्याचा त्याला

एकदा एका वृद्ध व्यायामोपचारतज्ज्ञांकडे सतरा वर्षांची ऋता आपल्या वडिलांबरोबर आली. तिला जन्मतःच सिस्टिक फायब्रोसिस होता. या आजारात फुप्फुसांतला कफ चिकट होऊन साचत राहतो आणि खाल्लेले अन्नही अंगी नीट लागत नाही. वडील, शशिकांत, रोज सकाळी तिच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करत. जेवणाआधीची, अन्न पचवणारी कॅप्सूल त्यांनी कधी चुकू दिली नाही. शाळेत खेळाचा तास तिला माफ होता. दप्तरही तेच उचलत. ऋता जगली, वाढली, ती या माणसाच्या निष्ठेमुळे.

पण त्या उन्हाळ्यात वडिलांनी हात धरलेला असतानाही घराच्या पायरीवरून ती घसरली आणि एवढ्याशा पडण्याने तिचे मनगट मोडले. पुण्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहही ठरले होते. शशिकांतांनी ते सारे रद्द करायचे ठरवले. ऋता वाद घालत बसली नाही. तिने जेवताना बोलणे सोडले.

वृद्धांच्या हाताखाली एक तरुण शिष्या शिकत होती. तिने ऋताच्या फुप्फुसांची क्षमता मोजली. आकडे चांगले होते. तिच्या मते काळजीचे कारण नव्हते. वृद्धांनी मात्र हाडांच्या घनतेची तपासणी करवून घेतली. हाडे वयाच्या मानाने विरळ निघाली. ऋताच्या डॉक्टरांनी औषध सुरू केले, आहार वाढवला आणि मनगट जुळून आल्यावर व्यायामाला परवानगी दिली.

पहिल्या दिवशी वृद्धांनी जमिनीवर जाड गाद्या अंथरल्या, ऋताला मध्यभागी एका पायावर उभे केले आणि तिच्या खांद्याला बोटांनी हलकेच ढकलले. ती डगमगली. शशिकांत धावले, तेव्हा वृद्धांनी मुलीला सावरण्याऐवजी त्यांचाच हात घट्ट धरून ठेवला. ऋता गादीवर पडली.

शशिकांत हात सोडवून घेऊन तिच्याजवळ गेले. मग म्हणाले, की मुलीला पाडण्यासाठी आपण इथे आणलेले नाही, आणि तिला घेऊन निघून गेले.

शिष्या अस्वस्थ झाली. “सर, त्यांना आधी समजावून तरी सांगायचं होतं,” ती म्हणाली.

“हो, ते माझं चुकलं,” वृद्ध म्हणाले. “पण ती पडली कशी, ते तू पाहिलंस का? तिने हात पुढे केले नाहीत, कंबर आवळली नाही. ती वडिलांच्या दिशेने कलली. आपल्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू श्वासाला मदत करतात आणि शरीरही सावरतात. हिला श्वासासाठीच इतके कष्ट पडतात, की सावरायला बळ अपुरं पडतं. त्यात अंगाला पोषण कमी आणि हालचाल त्याहून कमी. आपण सगळे तिचा श्वास मोजत राहिलो. ज्या शरीरात तो चालतो, त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. श्वास तिला दुसऱ्याच्या मदतीने घेता येईल, पण तोल कोणी कोणासाठी सांभाळू शकत नाही.”

त्याच संध्याकाळी ते शिष्येला घेऊन शशिकांतांच्या घरी गेले. न सांगता ऋताला ढकलल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आणि हेच सारे त्यांना शांतपणे सांगितले. शशिकांत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “मी धरलं नाही, आणि पुन्हा हाड मोडलं तर?”

यावर वृद्ध काही बोलायच्या आत ऋता म्हणाली, “बाबा, तुम्ही धरलेलं असतानाच मोडलं होतं.”

त्यानंतर ती येत राहिली. मध्ये छातीत संसर्ग झाला आणि काही आठवडे सगळे थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. हळूहळू वजने उचलणे, पायऱ्या चढणे, छोट्या उड्या जमू लागल्या. शशिकांत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. सुरुवातीला त्यांचे हात सारखे पुढे येत. पुढे ते स्वतःच हातांची घडी घालून बसू लागले. एकदा एका पायावर उभी असताना ऋताला खोकल्याची जोराची उबळ आली. सारे अंग हलले, चेहरा लाल झाला, पण दुसरा पाय खाली टेकला नाही.

पुढल्या वर्षी ती पुण्याला गेली. दिवाळीच्या सुमारास शशिकांत एकटेच वृद्धांना भेटायला आले. ऋता वसतिगृहाच्या ओल्या जिन्यात पडली होती. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. ती उठली आणि तासाला गेली.

“तुम्हाला लगेच कळवलं का तिने?” शिष्येने विचारले.

“नाही. आठवड्याने, बोलता बोलता सांगितलं,” शशिकांत म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

आपण ज्याला जपतो, त्याला आपल्याशिवाय उभे राहता यावे, इथवर ते जपणे पोहोचायला हवे.