हणमंतने सोडलेला चेंडू

“बॅट न फिरवता जिंकलो, सर. मग ते जिंकणं माझं कसं?”

हणमंत जरे अंगणातल्या बाकावर बसून विचारत होता. चौदा वर्षं तो राज्याच्या बेसबॉल संघात तिसऱ्या बेसवर उभा राहिला. काल निवृत्ती जाहीर केली, आणि आज नगरला उतरून थेट शांतवन सरांकडे आला. हा खेळ त्याला सरांनीच शिकवला होता, शाळेच्या मैदानावर.

सर ओल्या शेंगा सोलत होते.

“नीट सांग. काय झालं?”

“परवाची फायनल. बरोबरीत होतो. शेवटची पाळी, दोन गडी बाद. तिन्ही बेसवर आपली माणसं, बॅट माझ्या हातात. तीन चेंडू वाईट, म्हणजे टप्प्याबाहेर पडलेले, दोन चांगले. पुढचा चांगला पडला आणि मी सोडला, तर मी बाद, पाळी संपली. वाईट पडला, तर मला पहिला बेस फुकट. मग सगळे एकेक बेस पुढे, आणि तिसऱ्यावरचा घरच्या बेसवर, म्हणजे जिंकायची धाव.”

“मग?”

“सोडला.”

“मग?”

“वाईटच होता. जिंकलो. घरी पळत आला त्याला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. पेपरात फोटोही त्याचाच.”

सरांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

“देशाच्या संघातून दोनदा वगळलं मला. म्हणे, हा मारतच नाही. तेरा वर्षांचा होतो तेव्हा दिसेल तो चेंडू झोडायचो मी. तुम्ही महिनाभर बॅट खांद्यावर ठेवून उभं केलंत. रोज शंभर चेंडू टाकायचात, आणि मी नुसतं म्हणायचं… चांगला की वाईट. आता पोरं विचारतात, तुमचा सगळ्यात मोठा फटका कुठला? काय सांगू त्यांना?”

“मला सांग. साताऱ्याला तू शाळेच्या गच्चीपलीकडे घालवलास, तो चेंडू कसा होता?”

हणमंत आठवू लागला.

“तो… जोरात होता. बहुतेक.”

“बहुतेक?”

“मारला आणि गेला, सर. डोळे मिटले असतील माझे.”

“आणि परवाचा?”

“परवाचा गुडघ्याच्या उंचीवर आला. सरळ. शिवणीचा लाल दोरा तिरका फिरत होता. एका बाजूला माती लागली होती. अगदी जवळ आला आणि बाहेर वळला… बोटभर.”

त्याचा आवाज खाली आला होता.

“हात शिवशिवत होते, सर. पण आत सगळं गप्प होतं. इतका स्वच्छ चेंडू मी कधी पाहिला नव्हता…”

डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

मग उठला आणि सरांच्या पायांशी वाकला.

सरांनी पाय मागे घेतले. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. ते उभे राहिले, आणि त्यांनी हणमंतला हात जोडले.

“सर, हे काय! तक्रार घेऊन आलो होतो मी. आता आभार मानतोय, तर मानू द्या ना.”

“चाळीस वर्षं पोरांना चेंडू टाकले, हणमंत. पुष्कळांनी मारले. बघितले तू एकट्याने.”