सलामी अंगणात झाली

सुभेदार तात्याबा निकम फौजेतून निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत घरच्यांना नकोसे झाले. सुना भाजी निवडायला बसल्या तरी ते शिस्त लावायचे. शेवटी त्यांनी तालुक्यातल्या माजी सैनिकांचे अडलेले अर्ज हाती घेतले, आणि घराने सुटकेचा निःश्वास सोडला.

पहिला अर्ज दगडू सकटचा. सुरुंगात त्याचा एक पाय गेला होता आणि त्याला अपंगाचा दाखला हवा होता. पण दाखल्यावर सही करणारे कुरुंदकर साहेब बसायचे तालुका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि कचेरीला लिफ्ट नव्हती.

"अर्जदार माझ्यासमोर उभा राहिल्याशिवाय सही नाही," साहेब म्हणाले. "आणि दोन जिने चढून आलाच, तर मग तो अपंग कसला?"

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "बरोबर आहे, साहेब. उद्या आम्ही वीस माजी सैनिक खाली कचेरीच्या अंगणात तुम्हाला सलामी देणार आहोत. तेवढी स्वीकारा."

दुसऱ्या दिवशी साहेब नवा कोट घालून, धापा टाकत खाली आले. कडक सलामी झाली. रांगेत पहिला, कुबडीवर, दगडू उभा होता. सुभेदारांनी अर्ज आणि पेन पुढे केलं.

"अर्जदार समोर उभा आहे, साहेब."

"मला फसवून खाली आणलंत!"

"फसवलं कुठं? सलामी दिली की. पण साहेब, दोन्ही पाय धड असून जिना उतरताना तुम्हाला एवढी धाप लागली. तुमचाही एक अर्ज भरू का?"

रांग सावधान होती, त्यामुळे कुणी हसलं नाही. फक्त वीस मिशा हलल्या, आणि साहेबांनी निमूट सही केली.